दोन निळ्यांची गोष्ट

दोस्तांनो, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवतो. आमच्या शाळेच्या पटांगणात कबड्डीचं मैदान आहे, खो-खोचे दोन खांब आहेत, कोपऱ्यात लांब उडीचा वाळूचा खड्डा आहे. बास्केटबॉलची रिंग मात्र नाही. मी स्वतः आयुष्यात एकदाही बास्केटबॉल खेळलेलो नाही. डी.एड.ला होतो तेव्हा कॉलेजच्या मागे एक रिंग होती खरी, पण तिला जाळी नव्हती, आणि तिच्या खांबाला आम्ही सगळे सायकली टेकवून ठेवायचो. माझा बास्केटबॉलशी संबंध तेवढाच!

आणि तरीही, अमेरिकेतल्या एका कॉलेजची बास्केटबॉल टीम हरली, की मला दिवसभर चहा गोड लागत नाही.

हसलात ना? हसा, हसा. आमच्या घरीही हसतात. आई म्हणते, "अरे, ती माणसं तुला ओळखतात तरी का?" नाही ओळखत. पण चाहता होण्यासाठी ओळख लागते थोडीच! आज या चाहतेपणाचीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. तिच्यात माझी थोडी फजिती आहे, आणि एक चूकही आहे. गुरुजींच्या चुका ऐकायला तुम्हाला आवडतात, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तर त्याचं असं झालं. माझी ताई लग्न होऊन अमेरिकेला गेली. नॉर्थ कॅरोलिना नावाच्या राज्यात कॅरी म्हणून एक गाव आहे, तिथे तिचं घर. दाजी शिकले चॅपल हिलच्या विद्यापीठात, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलिनात. लग्नानंतर सासरचं कुलदैवत आपलं होतं ना, तशी दाजींची टीम ताईची झाली. आणि ताईची झाली म्हणून माझी झाली. एवढं सोपं कारण! तुम्ही तरी तुमची आवडती क्रिकेट टीम परीक्षा घेऊन थोडीच निवडली होती?

आता जरा नकाशा उघडा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला नॉर्थ कॅरोलिना सापडेल. त्यात चॅपल हिल आणि डरहॅम ही दोन गावं शोधा. सापडली? बघा किती जवळ आहेत. चॅपल हिलला आमची कॅरोलिना, आणि डरहॅमला ड्यूक विद्यापीठ. दोघांमध्ये सरळ रेषेत जेमतेम १३ किलोमीटर अंतर! आपल्याकडे एवढ्या अंतरावर बाजारहाट करायला जातात. या भागात पूर्वी तंबाखूचा मोठा धंदा चालायचा, म्हणून इथल्या कॉलेजांच्या या पट्ट्याला लोक अजूनही 'टोबॅको रोड' म्हणतात.

कॅरोलिना सरकारी, ड्यूक खाजगी. कॅरोलिना जुनी, तिथे १७९५ साली वर्ग भरले. ड्यूकला हे नाव १९२४ मध्ये मिळालं, त्याआधी ते ट्रिनिटी कॉलेज होतं. दोघांची बास्केटबॉलमधली पहिली गाठ पडली २४ जानेवारी १९२० रोजी. म्हणजे या भांडणाला शंभर वर्षं उलटून गेली. आणि गंमत ऐका, दोघांचाही रंग निळाच! ड्यूकचा गडद निळा, शाईच्या दौतीसारखा. आमचा फिका निळा, पावसाळा संपल्यावरच्या स्वच्छ आभाळासारखा. बाहेरच्या माणसाला वाटेल, निळा तो निळा, त्यात भांडायचं काय? पण कॅरोलिनाच्या घरात गडद निळा शर्ट घालून जा बरं!

नावंही मजेदार आहेत. आमची टीम 'टार हील्स', म्हणजे डांबरी टाचा. त्या राज्यात पाइनच्या झाडांपासून डांबर काढायचे, त्यावरून पडलेलं हे नाव. आमचं चिन्ह म्हणजे मोठ्ठ्या शिंगांचा एक एडका, त्याचं नाव रामसेस. ड्यूकची टीम 'ब्लू डेव्हिल्स', निळे सैतान. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे पहाडी सैनिक निळ्या गणवेशात लढले, त्यांना हे टोपणनाव होतं. तिथून ते ड्यूकने उचललं. एडका विरुद्ध सैतान, अशी ही लढाई!

तुम्ही मायकल जॉर्डनचं नाव ऐकलं असेलच. तो आमचा बरं का! १९८२ साली तो कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता, वय अवघं १९. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शेवटच्या काही सेकंदांत त्याने बास्केट केली आणि कॅरोलिना ६३-६२ अशी जिंकली. तेव्हा आमचे कोच होते डीन स्मिथ. त्यांनी १९६१ पासून १९९७ पर्यंत टीमला शिकवलं आणि ८७९ सामने जिंकले. त्यांची एक शिस्त मला फार आवडते. ज्याने बास्केट केली, त्याने लगेच बोट दाखवायचं. कुणाकडे? ज्याने त्याला पास दिला, त्याच्याकडे! 'टाळ्या मला नको, आधी त्याला द्या' असं सांगायचं. मी हे माझ्या वर्गात सुरू केलंय. फळ्यावर गणित सुटलं, की ज्याने मदत केली त्याच्याकडे बोट दाखवायचं. कधी कधी पोरं चुकीचं गणित सोडवूनही शेजाऱ्याकडे बोट दाखवतात, तो भाग वेगळा!

ड्यूककडेही तोडीस तोड माणूस होता. त्यांच्या आडनावाचा उच्चार साधारण 'शशेफ्स्की' असा आहे. म्हणून सगळे त्यांना सरळ 'कोच के' म्हणतात. १९८० पासून २०२२ पर्यंत, तब्बल ४२ मोसम ते ड्यूकचे कोच होते. पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं त्यांनी. मला ते अजिबात आवडायचे नाहीत. का? ते जिंकायचे म्हणून! दुसरं कारण नाही. चाहत्यांचं डोकं असंच चालतं.

आणि ड्यूकची पोरं! त्यांचं मैदान तसं लहान, ९,३१४ माणसांचं. आमचं २१,७५० माणसांचं. पण त्या लहान मैदानात विद्यार्थी अंगाला निळा रंग फासून, सामनाभर उड्या मारत ओरडत असतात. आत जागा मिळावी म्हणून ते काय करतात माहीत आहे? कडाक्याच्या थंडीत मैदानाबाहेर तंबू ठोकून राहतात! एक-दोन दिवस नाही, कितीतरी आठवडे. १९८६ पासून ही प्रथा आहे. तंबूत ठरलेली मुलं हजर असावीच लागतात. अवेळी हजेरी घेतात, आणि कुणी नसलं तर नंबर गेला! आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, त्याचाच हा मोठा भाऊ समजा. रांगेत बसून अभ्यासही तिथेच करतात म्हणे. हे ऐकून माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, आपणपण शाळेबाहेर तंबू टाकूया का?" मी म्हटलं, "तू आधी शाळेच्या आत वेळेवर ये."

सामने मी कसे बघतो, तेही सांगतो. तिकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा फेब्रुवारीत इकडे सकाळचे साडेसात. ताई आपला फोन टीव्हीसमोर उशीला टेकवून ठेवते, आणि मी इकडे स्वयंपाकघरात चहाचा कप घेऊन बसतो. मध्येच चेंडू कुठे गेला दिसत नाही. मध्येच ताईचं डोकं आडवं येतं. पण दाजींची आरोळी ऐकली, की कळतं कुणाची बास्केट झाली ती.

आता या गोष्टीत माझा भाचा येतो.

घरात आई कॅरोलिना, बाप कॅरोलिना, मामा कॅरोलिना. मग भाचा कोण असायला हवा? पण नाही! तो ड्यूकवाला झाला. कधी, कसा, ते ऐका. २० फेब्रुवारी २०१९ची गोष्ट. तो तेव्हा सात वर्षांचा. ड्यूककडे झायन विल्यमसन नावाचा एक अचाट खेळाडू होता, धिप्पाड आणि तरी मांजरासारखा चपळ. सामना सुरू होऊन मिनिटसुद्धा झालं नव्हतं. झायनने वळण घेतलं, आणि त्याचा बूट चक्क फाटला! पाय बुटातून बाहेर, गुडघा मुरगळला, आणि तो लंगडत आत गेला. परत आला नाही. आम्ही ८८-७२ असे जिंकलो. दाजी नाचत होते, मी इकडे नाचत होतो. भाचा मात्र टीव्हीसमोर उभा राहून म्हणाला, "ज्याचा बूट फाटला, त्याच्या बाजूने मी."

आम्ही सगळे खूप हसलो. मला वाटलं, दोन दिवसांचं खूळ आहे. पण पठ्ठ्या टिकला! गडद निळा शर्ट घालून तो कॅरोलिनाच्या घरात एकटा बसायचा. तीन मोठी माणसं एकीकडे, आणि तो एकटा एकीकडे. मी त्याला चिडवायचो, तो मला चिडवायचा. मामा-भाच्याचं ते लाडकं भांडण होतं. तोपर्यंत सगळं ठीक होतं.

मग २०२२ साल आलं. कोच के यांनी आधीच सांगितलं होतं, हा माझा शेवटचा मोसम. ५ मार्चला त्यांचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना, आणि समोर कोण? कॅरोलिना! त्यांना निरोप द्यायला त्यांचे ९६ जुने खेळाडू जमले होते. सगळी तयारी झाली होती. आणि आम्ही त्यात मिठाचा खडा टाकला. ९४-८१ ने जिंकलो! भाचा त्या दिवशी फक्त एवढंच म्हणाला, "अजून राष्ट्रीय स्पर्धा आहे, मामा."

होती खरी. आणि नशीब बघा. शंभर वर्षांत या दोन टीम राष्ट्रीय स्पर्धेत एकमेकींसमोर कधीच आल्या नव्हत्या. त्या वर्षी पहिल्यांदा आल्या, तेही उपांत्य फेरीत. तारीख २ एप्रिल २०२२. त्या दिवशी काय होतं, आठवतंय? गुढीपाडवा!

ताईने सकाळी गॅलरीत गुढी उभारली होती. दुपारी श्रीखंड-पुरीचं जेवण झालं. भाच्याने आपली श्रीखंडाची वाटी तशीच फ्रिजमध्ये ठेवून दिली. म्हणाला, "ड्यूक जिंकल्यावर खाणार." सामना तिकडे रात्री, म्हणजे इकडे रविवारी सकाळी सव्वासहाच्या सुमारास सुरू झाला. दारातली गुढी आदल्या संध्याकाळीच उतरवली होती, आणि मी फोनसमोर मांडी ठोकून बसलो होतो.

काय सामना झाला म्हणून सांगू! कधी ते पुढे, कधी आम्ही पुढे. आमच्या अरमांडो बेकॉटचा घोटा दुखावला, आणि तरी तो परत मैदानात आला. शेवटी पंचवीसेक सेकंद उरलेली. आम्ही ७५, ते ७४. चेंडू केलेब लव्हच्या हातात. समोर ड्यूकचा उंच खेळाडू. लव्हने लांबून चेंडू फेकला, आणि तो जाळीत! तीन गुण! त्या रात्री त्याचे एकूण २८ गुण झाले. आम्ही ८१-७७ असे जिंकलो. कोच के यांची ४२ मोसमांची कारकीर्द तिथे संपली, आणि संपवली ती आम्ही!

दोस्तांनो, मी खुर्चीवर चढलो. खरंच चढलो. आणि फोनमध्ये तोंड घालून ओरडलो, "काय रे ए ड्यूकवाल्या! तुमच्या कोचला कायमचं घरी पाठवलं की नाही? बस आता रडत! आणि ते श्रीखंड मांजराला घाल!"

पलीकडून उत्तर आलं नाही. पडद्यावर क्षणभर त्याचा चेहरा दिसला. तो खरंच रडत होता. आवाज न करता. मग फोन हलला, नुसतं छत दिसू लागलं, आणि ताईचा आवाज आला, "ठेवते रे आता."

मी खुर्चीवरून खाली उतरलो. पण तेव्हासुद्धा मला वाटलं, त्यात काय एवढं? खेळात चिडवाचिडवी चालतेच की!

दोन दिवसांनी अंतिम सामना होता, कॅन्सस विद्यापीठाशी. मंगळवार होता, शाळा सकाळची. निघता निघता फोन पाहिला तर आमची टीम झकास पुढे. मध्यंतराला ४०-२५, तब्बल १५ गुणांची आघाडी! मी शाळेत तरंगतच होतो. मधल्या सुट्टीत ताईचा निरोप पाहिला. हरलो. ७२-६९. आजवर कुठल्याही टीमने अंतिम सामन्यात इतकी मोठी पिछाडी भरून काढली नव्हती, ती नेमकी आमच्याविरुद्ध भरून निघाली!

त्या दिवशी मी पाढे घेत होतो, पण पोरांनी 'बावीस त्रिक बहात्तर' म्हटलं तरी मला कळलं नाही. आणि सारखं वाटत होतं, आता भाच्याचा निरोप येणार. आता तो सगळ्याचं उट्टं काढणार. काय काय म्हणेल, याची मी मनात तयारीही केली. पण दुपार झाली, संध्याकाळ झाली, निरोप नाही. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. एक अक्षर नाही!

शेवटी रविवारी मीच फोन लावला. तो आला, पण गप्पगप्प. मी म्हटलं, "काय रे, आम्ही हरलो, आणि तू चिडवलंसुद्धा नाहीस?"

तो थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, "मला वाटलं, तू रडत असशील."

दहा वर्षांचा पोरगा! खोटं कशाला सांगू, मला काय बोलावं सुचेना. मी रोज तीस-पस्तीस मुलांसमोर उभा राहतो. कुणी कुणाला रडवलं, तर कान धरून 'चुकलो' म्हणायला लावतो. आणि मीच एका मुलाला रडताना बघून वर आणखी हसलो होतो. मी त्याला म्हटलं, "त्या दिवशी माझं चुकलं रे बाळा." तो म्हणाला, "इट्स ओके, मामा." मुलं किती लवकर माफ करतात! आपल्याला मात्र ते लवकर विसरता येत नाही.

हे सगळं मी दाजींना सांगितलं. ते म्हणाले, "तुम्हाला २०१५चा सामना आठवतो?" मी म्हटलं, "आठवतो की! हरलो होतो, ९२-९०, जादा वेळेत." त्या दिवशी इकडे १९ फेब्रुवारी, शिवजयंती होती. मी मुलांची प्रभातफेरी घेऊन गावात हिंडत होतो, आणि सामना संपल्यावर फक्त आकडा पाहिला होता. दाजी हसले. म्हणाले, "सामन्याच्या आधी काय झालं, ते बघा एकदा." आणि त्यांनी मला त्याची चित्रफीत पाठवली.

डीन स्मिथ त्याच महिन्याच्या ७ तारखेला वारले होते, वयाच्या ८३व्या वर्षी. त्यानंतर अकरा दिवसांनी हा सामना, ड्यूकच्या मैदानावर. तेच लहान, गजबजलेलं मैदान. सामन्याआधी दोन्ही टीमचे खेळाडू आणि कोच मैदानाच्या मधोमध आले. एक मोठं वर्तुळ केलं. गडद निळा आणि फिका निळा, सगळे मिसळून. एकमेकांच्या हातात हात गुंफून सगळे गुडघ्यावर बसले. कोच केसुद्धा. आणि आठवड्यांच्या तंबूतून आलेली ती गोंगाट करणारी पोरं? ती सगळी चिडीचूप! आपल्या कोचला वर्षानुवर्षं सतावणाऱ्या माणसासाठी ती गप्प उभी राहिली. मग शिट्टी वाजली, आणि दोन्ही टीम एकमेकींवर अशा तुटून पडल्या, की सामना जादा वेळेत गेला.

मी सात वर्षं फक्त '९२-९०' एवढंच लक्षात ठेवलं होतं. ते वर्तुळ मी पाहिलंच नव्हतं.

त्यानंतर मला नादच लागला. आकडे सोडून बाकीचं वाचायचा. आणि मला एक काका सापडले! त्यांचं नाव टेरी सॅनफर्ड. हे ड्यूक विद्यापीठाचे अध्यक्ष होते. १९८४ च्या जानेवारीत ड्यूकच्या पोरांनी दुसऱ्याच एका विद्यापीठाच्या खेळाडूला अगदी घाणेरडं चिडवलं. चांगलीच बदनामी झाली. आता अध्यक्षांनी काय केलं असेल? दंड? तंबी? नाही. त्यांनी विद्यार्थ्यांना काकाने पुतण्यांना लिहावं तसं पत्र लिहिलं. ओरडा, पण तोंड स्वच्छ ठेवा. चिडवायचंच तर डोकं वापरून चिडवा, असा त्याचा सूर. आणि खाली सही काय? 'अंकल टेरी'!

त्यानंतर घरच्या मैदानावर सामना होता कॅरोलिनाशी. मायकल जॉर्डन होता टीममध्ये. ड्यूकची पोरं आली ती डोक्यावर चंदेरी कागदाची देवदूतांसारखी वलयं लावून! पाहुण्या कोचचं स्वागत करणारा फलक घेऊन! आणि पंचांचा निर्णय पटला नाही, की शिव्या देण्याऐवजी सगळे एका सुरात म्हणायचे, "क्षमा असावी, आमचं मत वेगळं आहे!" सामना कॅरोलिनाच जिंकली. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं? ती वलयं! आणि हो, हे टेरीकाका स्वतः कुठे शिकले होते, ठाऊक आहे? चॅपल हिलला! आमच्याच विद्यापीठात!

आता थोडं आमच्या शाळेचं. ओढ्यापलीकडच्या गावाची शाळा म्हणजे आमची 'ड्यूक'. केंद्राच्या क्रीडा स्पर्धेत त्यांच्याशी खो-खो असला, की आमची पोरं आठवडाभर दुसरं बोलत नाहीत. त्या वर्षी त्यांची एक मुलगी पळता पळता पडली, गुडघा फुटला. आमच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, नाव ठेवून हसली. मी रागावायला उठलो, आणि खुर्चीवर चढलेला तो मामा मला आठवला. मी गुपचूप खाली बसलो. दुसऱ्या दिवशी वर्गात रागावलो नाही. टेरीकाकांची गोष्ट सांगितली. भाच्याचीही सांगितली. खुर्चीचीसुद्धा! पोरं पोट धरधरून हसली, आणि मग हळूहळू गप्प झाली.

पुढच्या वर्षी स्पर्धेला आमची पोरं बिस्किटांच्या पुड्यांच्या चंदेरी कागदाचे मुकुट घालून आली. कुणी शिकवलं नव्हतं बरं का, त्यांची तीच कल्पना. पंचांनी आमच्या एका गड्याला फाउल दिला, आणि पस्तीस पोरं एका आवाजात ओरडली, "पंच, आम्हाला तसं वाटत नाही!" पंच बिचारे शिट्टी तोंडात तशीच धरून हसायला लागले. सामना आम्ही हरलो. पोरं पलीकडच्या टीमशी हात मिळवून आली. एकाने जाता जाता जीभ दाखवली, ते मी पाहिलं. असू दे. सगळंच एका वर्षात होत नाही.

मामा-भाच्याचं भांडण मात्र जोरात चालू आहे! २०२३ मध्ये ड्यूकने आम्हाला दोनदा हरवलं, २०२४ मध्ये आम्ही त्यांना दोनदा. मी अजूनही ओरडतो, तोही ओरडतो. 'दोघंही जिंकोत' असलं गुळमुळीत आम्ही कधीच म्हणत नाही. सामना संपेपर्यंत तो माझा पक्का वैरी! पण आम्ही एक नियम केलाय. सामना संपला, की जिंकणाऱ्याने पहिला फोन करायचा, आणि हरलेला स्वतः विषय काढेपर्यंत सामन्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. हा नियम पाळणं किती अवघड आहे, ते जिंकल्याशिवाय कळत नाही!

विचार करा, चॅपल हिलच्या शेजारी ड्यूक नसती तर? आमचे सामने झाले असते, आम्ही जिंकलोही असतो. पण पहाटे उठून फोनसमोर बसायला कोण जाणार होतं? ज्याला हरवण्यासाठी आपण इतका जीव टाकतो, तो आहे म्हणून तर खेळात मजा आहे. तो रडवेला होऊन उठूनच गेला, तर आपण जिंकायचं कुणाविरुद्ध?

तुमचाही एखादा 'ड्यूक' असेलच. शेजारची तुकडी, पलीकडची गल्ली, नाहीतर घरातलाच भाऊ. त्याच्याशी भांडा, जीव तोडून खेळा. फक्त शेवटची शिट्टी वाजली की एकदा त्याच्या तोंडाकडे बघा. मी बघितलं नव्हतं, म्हणून सांगतो.

१४ मार्च २०२५ ला पुन्हा दोघांचा सामना होता. इकडे धुळवड होऊन गेलेली, माझ्या कानामागचा रंग अजून निघाला नव्हता. आम्ही २४ गुणांनी मागे होतो, आणि तिथून एका गुणापर्यंत आलो! शेवटची चार सेकंद. आमच्या खेळाडूने फ्री थ्रो टाकला, चेंडू जाळीत गेला, बरोबरी! पण आमचाच दुसरा गडी वेळेआधी रेषेच्या आत घुसला होता. पंचांनी गुण रद्द केला. हरलो, ७४-७१. मी डोक्याला हात लावून बसलो.

फोन वाजला. भाचा होता. आता तेरा वर्षांचा झालाय, आवाज घोगरा झालाय. तो काही क्षण बोललाच नाही. हसू दाबत होता, हे मला इथून कळत होतं. मग अगदी साळसूदपणे म्हणाला, "मामा, चहा घेतलास का?"

मी म्हटलं, "घेतला."

"गोड लागला?"

मी म्हटलं, "साखर जरा कमी पडली रे. पण लागला."